महात्मा जोतीराव फुले आणि गावचे रान

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत महात्मा जोतीराव गोविंदराव फुले यांचे चित्र नाही असे वर्ष सहसा जात नाही, आणि त्या चित्राखाली मुलींच्या पहिल्या शाळेचा व सत्यशोधक समाजाचा उल्लेख नाही असेही होत नाही. हे योग्यच आहे. परंतु ज्या पुरुषाने जातीच्या कुंपणावर आयुष्यभर घाव घातले, त्यास आपण आपल्याच ज्ञातीचा म्हणून मिरवावे याचा थोडासा संकोच आम्हांस नेहमी वाटत आला आहे. हा संकोच बाळगूनच आम्ही प्रस्तुत लेख लिहावयास घेतला आहे. जोतीरावांच्या चरित्राची जी बाजू सभासंमेलनांतून फारशी ऐकू येत नाही, ती येथे मुख्यत्वे मांडावी असा आमचा हेतू आहे. ती बाजू म्हणजे डोंगर, रान, गायरान व पाणी यांविषयीचा त्यांचा विचार. आपण मोहोळ तालुक्याचे लोक अवर्षणाच्या पट्ट्यात राहणारे. गायरान म्हणजे काय आणि ते गेले म्हणजे काय जाते, हे आपणांस पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यास झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील खटाव भागातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तेथील कुलकर्ण्याशी वैर आल्यामुळे त्या घराण्याने गाव सोडले असे चरित्रकार सांगतात. पुढे पुण्यात आल्यावर पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचा व्यवसाय मिळाला आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. आई चिमणाबाई जोतीराव अगदी तान्हे असतानाच वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी या मुलास मायेने वाढविले. प्राथमिक शिक्षण होते न होते तोच वडिलांनी मुलास शाळेतून काढून मळ्यावर कामास लावले, आणि गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली तेव्हा कोठे १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे नाव पुन्हा दाखल झाले. मधली वर्षे मातीत गेली. शिक्षक या नात्याने आम्हांस असे वाटते की, ती वर्षे वाया गेली असे कोणी म्हणू नये. वाफा, पाट, मोट, खत यांचे जे ज्ञान त्यांच्या पुढील लिखाणात पानोपानी दिसते, ते मिशनच्या शाळेत मिळालेले नव्हे.

सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह १८४० मध्ये झाला. १८४८ साली भिडे वाड्यातील मुलींची शाळा, त्यानंतर अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा, १८५२ मध्ये सरकारकडून झालेला सत्कार, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला करणे, १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ व त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना, हा सर्व वृत्तान्त वाचकांस विदित आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

मात्र जोतीराव पोटासाठी काय करीत, हे फारसे सांगितले जात नाही. शाळांच्या कामी त्यांनी कधी कोणाच्या दानावर संसार चालविला नाही. ते ठेकेदार होते. कात्रजच्या घाटातील काम, येरवड्याचा पूल व खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांच्या ठेकेदारीचा संबंध होता. खडकवासल्याच्या धरणाचे काम १८६९ च्या सुमारास सुरू होऊन दहा-अकरा वर्षे चालले. मजुरांच्या टोळ्यांबरोबर दगडाच्या खाणीवर उभा राहणारा हा मनुष्य पुण्याच्या भोवतालचे डोंगर रोज पाहत होता. झाड तोडलेल्या टेकडीवरून पहिल्या वळवाचे पाणी कसे लाल होऊन उतरते, आणि झाडोरा असलेल्या टेकडीवरून कसे निवळ येते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे. नाही तर पुढे आसूडात त्याने जे लिहिले ते त्यास सुचते ना. पुढे त्यांनी मांजरी येथे जमीन घेतली व धरणाच्या कालव्याचे पाणी लावून बागाईत केली. ज्या सरकारी पाण्याच्या व्यवस्थेवर त्यांनी पुढे कडक टीका केली, त्या पाण्याचे ते स्वतः गिऱ्हाईक होते, हे ध्यानात ठेवावे.

आता त्या काळी रानाचे काय चालले होते ते थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण ते समजल्यावाचून जोतीरावांचा संताप समजत नाही.

मुंबई इलाख्यात जंगलाचा पहिला सरकारी रक्षक १८४७ साली नेमला गेला. तो अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर होता. इंग्रजांस तेव्हा जहाजांसाठी सागवान हवे होते. त्यानंतर आगगाडी आली आणि लाकडाची भूक शतपटीने वाढली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली आपल्या मोहोळावरून सोलापुरास पोहोचला. या रुळांखाली जे लाकडी सलीपाट अंथरले गेले, ते कोठल्या तरी डोंगरावरच वाढलेले होते. १८६४ मध्ये हिंदुस्थान सरकारने स्वतंत्र जंगलखाते स्थापन केले, १८६५ मध्ये पहिला कायदा झाला आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा आला. या दुसऱ्या कायद्याने रानाचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित व ग्रामवन. पहिल्या वर्गात सरकारची सत्ता पूर्ण, दुसऱ्यात गावकऱ्यांना सरकारच्या मर्जीने काही सवलती, आणि तिसऱ्यात राखीव रान सरकारने गावाच्या हाती सोपवावयाचे. पहिले दोन वर्ग झपाट्याने वाढले. तिसरा बहुधा कागदावरच राहिला. त्यातच १८७१ मध्ये गुरांच्या आगळिकीचा कायदा झाला होता. हद्दीत शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाई आणि ते सोडविण्यास दंड भरावा लागे.

याआधी गावाची व्यवस्था काय होती? प्रत्येक गावास पांढरी व काळी असे, आणि त्यांबरोबर गायरान असे. गवतासाठी कुरण राखले जाई; ठराविक दिवसापर्यंत तेथे विळा लागत नसे. सह्याद्रीच्या बाजूस देवरायी असत. तेथील वाळलेली काटकीही देवाची मानली जाई, म्हणून जुन्या जातीचे वृक्ष व वेल तेथे आजही पाहावयास मिळतात. आपल्या बाजूस देवरायीसारखे घनदाट रान नव्हते व नाही. आपले रान म्हणजे बाभूळ, हिवर, बोर, लिंब, पळस, तरवड, आणि त्याखाली मारवेल, पवन्या, कुसळी यांचे गवत. परक्या माणसास ते ओसाड माळ दिसते. मेंढपाळास ते दिसत नाही.

ही जुनी व्यवस्था सर्वगुणसंपन्न होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गावाचे रान गावाचे असले, तरी गाव म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. महारामांगांस त्या रानातून मोळी आणण्याची मोकळीक असे. रानाविषयीचा निर्णय करण्याची नसे. हे जोतीरावांइतके कोणास ठाऊक होते! म्हणून त्यांनी जुन्या गावगाड्याचे गोडवे कधी गायिले नाहीत. त्यांनी फक्त हिशेब मांडला. थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याचे शेतावर भागत नसे. तेव्हा तो जवळच्या रानात जाऊन उंबर, जांभळे इत्यादी फळे खाई, पळसाची व मोहाची फुले-पाने आणि सरपण गावात विकून चार पैसे करी, आणि गायरानाच्या आधारावर एकदोन गाई व दोनचार शेळ्या बाळगी. सरकारच्या जंगलखात्याने डोंगर, दऱ्या, पडीक व गायराने आपल्या हद्दीत ओढून घेतली, आणि त्या शेतकऱ्याच्या शेळीस उभे राहण्यासही जागा उरली नाही. शेळी गेली की अडचणीच्या वेळचा पैसा गेला, गाय गेली की शेणखत गेले, शेणखत गेले की शेत गेले, आणि शेत गेले की सावकाराचे दार आले. १८७५ साली सुपे येथून सुरू झालेले सावकारांविरुद्धचे दंगे याच काळातले आहेत. त्या दंग्यांची कारणे पुष्कळ होती. परंतु शेतकऱ्याचा जोडधंदा बुडाला हे त्यांपैकी एक, असे आमचे मत आहे.

लगेच १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांस त्याची झळ सर्वांत अधिक लागली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. माणसे देशोधडीस लागली व जनावरे चाऱ्यावाचून मेली. आज आपल्या तालुक्यात जो आष्टीचा तलाव आहे, त्याचे काम याच काळात दुष्काळी काम म्हणून झाले. आपल्यापैकी कित्येकांचे पणजे-खापरपणजे त्याच्या मातीच्या भरावावर टोपली घेऊन चढले असतील. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे अनाथ व उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले. सावित्रीबाई जुन्नर-ओतूरकडील दुष्काळी गावांतून हिंडल्या. १९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. खडी फोडण्याच्या कामावर गेलेली आई संध्याकाळी सुकडी घेऊन येई. परंतु त्याहून अधिक आठवते ते हे की, गुरांना पाचोळादेखील मिळेना, तेव्हा लोक बाभळीच्या शेंगा झोडपण्यासाठी कोस-कोस जात. झाड उभे होते तेथे जनावर जगले. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ज्या शेतकऱ्याने हीच बाभूळ सरकारी हद्दीच्या पलीकडे उभी पाहिली असेल, त्याच्या मनाची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या सर्व अनुभवातून ‘शेतकऱ्याचा आसूड’ हा ग्रंथ निर्माण झाला. तो १८ जुलै १८८३ रोजी पुरा झाला. त्याची पाच प्रकरणे आहेत. पहिल्या चारांत शेतकऱ्याची दैना व तिची कारणे आहेत, आणि पाचव्यात उपाय. हे पाचवे प्रकरण आमच्या दृष्टीने जोतीरावांच्या सर्व लिखाणांत सर्वांत कमी वाचले गेलेले व सर्वांत उपयोगाचे आहे.

त्यात त्यांनी प्रथम एक साखळी दाखविली आहे. डोंगरावरच्या झाडांचा पाला, फुले, मेलेले किडे-पाखरे व जनावरांचे अवशेष कुजून त्यांचे सत्त्व मातीत मिसळते. वळवाच्या पावसाने ते सत्त्व खाली वाहते. ते शेतात अडले तर शेत पिकते. न अडता ओढ्यानाल्यांतून नदीस व नदीतून समुद्रास गेले तर शेत नापीक होते. म्हणजे डोंगरावरचे रान हे खालच्या शेताचे खत आहे, आणि डोंगर व शेत यांस दोन निरनिराळी खाती समजणे हीच मूळची चूक आहे. आज आमच्या विद्यार्थ्यांची मुले पाणलोट क्षेत्र हा शब्द शाळेत शिकतात. हा शब्द जोतीरावांजवळ नव्हता, वस्तू होती.

त्यावर त्यांनी जे उपाय सुचविले ते असे. रिकाम्या बसलेल्या पलटणी व जादा पोलीस यांच्याकडून डोंगरउतारावर व शेतांच्या वर ठिकठिकाणी ताली व बंधारे अशा रीतीने घालून घ्यावे की, पावसाचे पाणी एकंदर शेतांतून मुरत मुरत मग नदीनाल्यास मिळेल. जुन्या तलावांतील गाळ काढून तो शेतकऱ्यांस फुकट न्यावयास द्यावा. पाणाड्यांकडून प्रत्येक गावाच्या शिवारातील पाण्याच्या जागा शोधून त्या नकाशावर नोंदवाव्या. कालव्याचे पाणी प्रत्येकास त्याच्या जमिनीच्या मानाने मिळावे म्हणून तोट्या बसवाव्या. रानडुकरांनी शेत खाल्ले तर त्याची भरपाई करावी. नाही तर शेतकऱ्यास बंदूक बाळगू द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जी गायराने व पडीक जमिनी जंगलखात्यात सामील केल्या आहेत, त्या पूर्वीप्रमाणे गावांकडे परत द्याव्या. बंदी घालावयाची ती विक्रीसाठी इमारती लाकूड तोडण्यावर घालावी; सरपणाच्या काटकीवर व शेताच्या पाल्यावर गावाचा हक्क राहू द्यावा.

हे शेवटचे सूत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. जोतीरावांनी जंगलखाते जुलमी म्हणून ते मोडून टाकावे इतक्या कडक शब्दांत लिहिले, हे खरे. तेवढ्यावरून कोणी असा अर्थ काढतात की, त्यांस रान राखण्याची फिकीर नव्हती. हा अर्थ चुकीचा आहे. ज्याला रान नको असते तो इमारती लाकडावर बंदी मागत नाही. विकण्यासाठी तोडलेले झाड आणि चुलीसाठी वेचलेली काटकी यांत त्यांनी भेद केला. खात्याने तो भेद केला नव्हता. किंबहुना उलटा केला होता. खात्याचे लाकूड लिलावाने ठेकेदारास मिळे, आणि काटकी वेचणारी बाई गुन्हेगार ठरे. जोतीराव स्वतः ठेकेदार होते, म्हणून लिलावाचा हा व्यवहार त्यांस आतून ठाऊक असावा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी अधिकाऱ्यांचे म्हणणे असे होते की, शेळी रोपटे वाढू देत नाही, गावकरी आज तोडतात आणि उद्याचा विचार करीत नाहीत, म्हणून कोणी तरी पहारा ठेवलाच पाहिजे. यात काही तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. शेळी कोवळा कोंब खाते हे आपणही पाहतो. परंतु गावाच्या जुन्या कुरणात शेळीस काही महिने बंदी असे, आणि ती बंदी गावानेच घातलेली असल्यामुळे पाळली जाई. परक्याने घातलेली बंदी मोडण्यात पुरुषार्थ वाटतो. आपण घातलेली मोडताना शेजारी पाहतो. पस्तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यामुळे आम्हांस एवढे तरी कळले आहे. १८७८ च्या कायद्याचा मसुदा झाला तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही सरकारास जवळजवळ हेच कळविले होते : रान टिकवावयाचे तर रयतेस विश्वासात घ्या, तिच्या हातून ते काढून घेऊ नका. सार्वजनिक सभा व जोतीराव यांचे किती वाकडे होते हे सांगावयास नको. ती सभा शेतकऱ्यांच्या वतीने बोलू शकते हेच त्यांस मान्य नव्हते. तरीही या एका प्रश्नावर दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचले होते, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांनी ध्यानी घेण्यासारखी आहे.

ग्रंथाचे भाग्य मात्र ग्रंथकर्त्याच्या कष्टांइतके नव्हते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र त्या सुमारास मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे होते. लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी व कामगारांचे पुढारी. त्यांनी आसूडाची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढील छापली नाहीत. मजकूर फार जहाल वाटला असावा. जोतीरावांस याचे वाईट वाटले. स्वकीयांनी हात आखडता घेतल्याचे दुःख विरोधकांच्या शिव्यांहून अधिक असते. परंतु ते थांबले नाहीत. जे छापले जात नव्हते ते त्यांनी वाचून दाखविले. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी शेतकऱ्यांपुढे आसूडाचे वाचन केले, आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाचे याहून योग्य प्रकाशन कोणते?

त्याच सुमारास ठाणे-कुलाबा भागांत जंगलखात्याविरुद्ध एवढी ओरड झाली की, सरकारास १८८५ मध्ये मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. काही ठिकाणी सवलती मिळाल्या. मूळ मालकी जेथे गेली होती तेथेच राहिली. आसूडामुळे कमिशन नेमले गेले असे कोणी लिहीत असेल तर त्यास आधार नाही, आणि जोतीरावांच्या थोरवीस अशा आधाराची आवश्यकताही नाही.

या काळातील त्यांच्या स्वभावाची साक्ष देणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा म्हणून एकट्या जोतीरावांनी विरोध केला. दुसरी गोष्ट २ मार्च १८८८ ची. हरी रावजी चिपळूणकर यांनी व्हिक्टोरिया राणीचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. सर्व निमंत्रित जरीच्या पोशाखात आले होते. जोतीराव फाटक्या घोंगडीसह शेतकऱ्याच्या वेषात गेले. पहारेकऱ्यांनी अडविले, यजमानांनी आत घेतले, आणि त्यांनी राजपुत्रास उभे राहून सांगितले की, या दालनातील हिरेमाणकांवरून हिंदुस्थानची पारख करू नये. खरा देश खेड्यांत आहे, आणि तेथील मुलांस शिक्षण द्यावे हा निरोप आपल्या मातोश्रींस कळवावा.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी भागातील सभेत लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. पुढे थोड्याच दिवसांत त्यांस पक्षघाताचा झटका आला व उजवी बाजू गेली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला व ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ठेकेदारीतील पैसा केव्हाच लोकांच्या कामी संपला होता आणि अखेरच्या आजारात घरी विवंचना होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. दत्तक पुत्र यशवंत याच्या हक्काविषयी भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. त्या काळी हे करणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतील जुन्या माणसांस विचारावे.

जोतीरावांच्या मागे रानाचा प्रश्न तसाच राहिला. १९२७ मध्ये नवा जंगल कायदा आला, तो जुन्याचाच विस्तार होता. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाबरोबर महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह झाले. विदर्भात बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून कायदा मोडला. बिळाशी येथे व कुलाब्यातील चिरनेर येथे सामान्य शेतकरी व आदिवासी पुढे आले. चिरनेरला २५ सप्टेंबर रोजी गोळीबार होऊन माणसे ठार झाली. हातात विळा घेतलेल्या त्या लोकांपैकी कितींनी आसूड वाचला होता हे सांगता येणार नाही. त्यांचे गाऱ्हाणे मात्र आसूडातलेच होते.

स्वातंत्र्यानंतर खाते आपले झाले, हद्दी त्याच राहिल्या. आपल्या बाजूस १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी नान्नजच्या परिसरात अभयारण्य जाहीर झाले, त्याच्या मूळ हद्दीत मोहोळ तालुक्याचाही भाग होता. हेतू उत्तम होता. परंतु गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन हा जुना समज खात्याच्या मनातून गेला नव्हता. म्हणून जिल्ह्यातील माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ अशी परदेशी झाडे लावण्यात आली, आणि वेडी बाभूळ तर न लावताही पसरली. माळढोकास उघडे गवत लागते, मेंढरासही तेच लागते. पक्षी व मेंढपाळ हे एकमेकांचे वैरी आहेत असे दोघांनाही न विचारता ठरले. गवत कोठे राखावे, केव्हा कापावे, मेंढरे केव्हा सोडावी हे ज्या घरांस पिढ्यानपिढ्या ठाऊक होते, त्यांस विचारण्याची रीतच नव्हती.

गायरानांचे तर काय सांगावे! काहींवर भूमिहीनांनी पोटासाठी घरे बांधली वा पेरणी केली. त्यांस आम्ही दोष देणार नाही, कारण त्यांच्या पूर्वजांना गावच्या मालकीत वाटा कधी मिळालाच नव्हता. काही मात्र ज्यांना पुष्कळ होते त्यांनीच बांध सरकवून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याविषयी कडक निर्णय दिला. त्याची अंमलबजावणी करताना या दोन प्रकारच्या माणसांत भेद केला पाहिजे.

ग्रामवनाचे काय झाले, हेही सांगून लेखणी ठेवतो. १८७८ च्या कायद्यातील ते कलम १९२७ च्या कायद्यात २८ व्या क्रमांकाने कायम राहिले, आणि महाराष्ट्र सरकारने त्याखालील नियम केले ते २०१४ च्या मे महिन्यात, म्हणजे आसूडानंतर सुमारे एकशे तीस वर्षांनी. त्यावरही वाद झाला, कारण तत्पूर्वी २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला रान राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्कच दिला होता, आणि हक्काच्या ठिकाणी पुन्हा मेहेरबानी येऊ नये असे पुष्कळांचे म्हणणे पडले. हा हक्क गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गावाने २००९ मध्ये मिळविला. सुमारे १८०० हेक्टर रान त्या गावाच्या हाती आले. पुढे २०११ मध्ये त्यांना आपला बांबू विकण्याचा परवाना मिळाला, आणि ते बांबू नियमाने तोडून विकू लागले. काय तोडावे व काय राखावे हे सर्वांच्या संमतीने ठरते. जोतीरावांनी विक्रीचे लाकूड आणि गावाची गरज यांत जो भेद केला होता, तो तेथे गावसभेत बसून केला जातो. तीन पिढ्यांचा रहिवास व निर्वाह दाखविता आला तर आदिवासींखेरीज इतर वननिवासी गावांसही हा कायदा लागू आहे. आपल्याकडे वनखात्याच्या हद्दी आहेत, त्यांवर पिढ्यानपिढ्या जगलेले मेंढपाळ आहेत. महसुली गायरानास मात्र तो सरसकट लागू होत नाही, ही गोष्ट ग्रामपंचायतीत बसणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी नीट समजून घ्यावी.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये महात्मा फुले समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, व त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यात आसूड संपूर्ण आहे. भाषा जुनी व वाक्ये लांब आहेत, म्हणून मुलांनी कोणा वडीलधाऱ्याजवळ बसून ते वाचावे. पाचवे प्रकरण एका बैठकीत वाचून होते.